टाचणीबाईंचं ‘झालं’

नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एका बाळाचे आजोबा एकदा गमतीत म्हणाले, “टाचेला टोचते ती टाचणीबाई,” आणि ते नाव असं चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव ऐकून त्या स्वतःच इकडेतिकडे बघायच्या. राग मात्र कधी आला नाही. टाचणी लहान असली तरी कागद धरून ठेवते, असं त्या म्हणत. शिवाय वाकडं बोलणाऱ्याला बोचते, हे सांगायची गरजच नव्हती.

त्यांचं काम बघायला सोपं होतं. जन्मून एक-दोन दिवस झालेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थोडे थेंब काढायचे, जाड कागदावर छापलेल्या गोलांमध्ये ते भरू द्यायचे, कागद सुकवून तपासणीला पाठवायचा. वरून गुटगुटीत दिसणाऱ्या बाळाच्या अंगात कधी एखादा आजार दबा धरून बसलेला असतो. तो या थेंबांत सापडला तर वेळेत औषध देता येतं. म्हणजे बाळाचं सगळं आयुष्य त्या वाटाण्याएवढ्या गोलात असतं, आणि लोक विचारतात, “नुसतं टोचायचंच काम ना हो तुमचं?”

“नुसतं!” टाचणीबाई म्हणायच्या. “या, टोचून दाखवा.”

कारण टाच म्हणजे नुसती टाच नव्हे. इवल्या टाचेच्या मधोमध कातडीखाली लगेच हाड असतं, तिथं टोचायचं नाही. टोचायचं ते तळव्याच्या बाजूनं, कडेला, जिथं जरा मांस आहे. आधी टाच तळहातात धरून ऊब द्यायची. मग स्प्रिंगचं छोटं उपकरण टेकवायचं, टक् आवाज होतो. पहिला थेंब पुसायचा आणि पुढचा आपणहून फुगून येईपर्यंत थांबायचं. नव्या सिस्टर घाईनं टाच दाबायला लागल्या की टाचणीबाईंचा आवाज वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत जायचा, “अगं, लिंबू आहे का ते?” या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. उगाच लाजणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

वॉर्डाच्या एका नियमाशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं होतं. रक्त काढायची खोली वेगळी होती. बाळाला आत न्यायचं, टेबलावर ठेवायचं आणि आईला दाराबाहेर थांबवायचं. आया घाबरतात, रडतात, हात धरतात, कामात अडथळा येतो, असं विभागाचे मोठे सर म्हणत. सर वाईट नव्हते. शिस्तीचे होते, एवढंच.

टाचणीबाई स्वतः त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या होत्या. मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. अंगात ताकद नव्हती, भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि आत लेक टाहो फोडत होती. तेवढ्यात कुणीतरी सिस्टर दार किलकिलं करून म्हणाली, “झालं हो, झालं,” आणि दार पुन्हा लागलं. त्या दाराला त्यांनी आजतागायत माफ केलं नव्हतं. म्हणून सर राउंडला नसले की त्या आयांना गुपचूप आत घ्यायच्या, बाळाला आईच्या मांडीवर, उघड्या छातीशी लावून बसवायच्या आणि मग टोचायच्या. बाळ लवकर गप्प होतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

एक दिवस त्यांची चोरी पकडली गेली. पकडली ती वॉर्डात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी. किडकिडीत अंगाच्या, केसांत पेन खोचायच्या आणि मग तेच पेन सगळीकडे शोधत फिरायच्या. टाचणीबाई भांडायच्या तयारीत कंबर कसून उभ्या राहिल्या. पण डॉक्टरीणबाईंनी डोळे बारीक करून विचारलं, “सिस्टर, मांडीवर खरंच कमी रडतात?”

“डोळे आहेत मला.”

“डोळे मलाही आहेत. पण सरांना डोळे चालत नाहीत. मोजूया का?”

आणि मोजायचं ठरलं. कुठलं बाळ टेबलावर आणि कुठलं मांडीवर, ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर. टोचणाऱ्या सिस्टर त्याच, टाचही तशीच धरायची. खोलीच्या फळीवर आवाज टिपणारं छोटं यंत्र. रक्त घेऊन संपलं की सिस्टरनं मोठ्यानं ‘झालं’ म्हणायचं. तो शब्द ऐकला की घड्याळ सुरू करायचं आणि बाळ गप्प झालं की थांबवायचं. हे मोजायला दप्तरातले एक वयस्क कारकून बसवले होते. मोठे हेडफोन घालून ते वेगळ्या खोलीत बसायचे, म्हणून त्यांना सगळे कानकाका म्हणू लागले. काय कशाशी ताडून बघतोय, हे त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. फाईलमध्ये काय आहे ते विचारायचं नसतं, ही त्यांची जुनी सवय.

सरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. “टेबल जिंकलं तर दार कायमचं बंद. सिस्टर, तुमचा चोरटा कारभारसुद्धा बंद.”

“आणि मांडी जिंकली तर?”

“तर दार मी माझ्या हातानं उघडीन.”

टाचणीबाईंनी ही पैज जिंकल्यासारखीच मिरवली. घरी येऊन लेकीला सांगितलं, कारण लेकीला दिवस गेले होते आणि बाळंतपण याच दवाखान्यात व्हायचं होतं. “तुझं बाळ तुझ्या मांडीवर असेल. दाराबाहेर उभं राहायची वेळ मी तुझ्यावर येऊ देणार नाही.” लेक म्हणाली, “आई, निकाल लागायचाय अजून.” त्या म्हणाल्या, “लागायचाय कसला, लागलाय.”

पुढचे काही महिने कानकाका बाळांचं रडणं ऐकत होते. घरी जाऊनही कानात तेच वाजतं, अशी तक्रार करायचे. लेकीचं पोट दिसू लागलं, आणि एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी टाचणीबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर आलेख होता आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरलेला होता.

“सिस्टर, मांडीवरची बाळं जास्त वेळ रडतात.”

टाचणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काहीतरीच!”

“मी परत परत तपासलं. थोडा नाही, चांगला ठळक फरक आहे. बाळं खोटं बोलत नाहीत.”

“बाळं नाही, तुमचं घड्याळ बोलतंय!”

“घड्याळही बदलून बघितलं.” डॉक्टरीणबाईंनी केसांतलं पेन काढलं आणि उगाच हातात फिरवत राहिल्या. “मलाही मांडीच जिंकायला हवी होती हो. म्हणून तर मला निकालाला हात लावता येत नाही. सर पुढच्या आठवड्यात नियमावर सही करणार आहेत.”

हे ऐकून टाचणीबाई भांडायच्या थांबल्या. या बाईनं मनाजोगता आकडा काढून दाखवला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, पण मग ती बाई त्यांना आवडली नसती. त्या उठल्या आणि ड्यूटी संपवून घरी निघाल्या. रस्त्यानं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की आईची भीती बाळात उतरत असेल का? इतकी वर्षं आपण हौसेनं बाळांना जास्तच रडवलं की काय? हा विचार त्यांना सोसेना. डोळ्यांनी एक बघितलंय आणि आकडे दुसरंच सांगतायत, मग खोटं कोण?

घरी नवरा अंगणातल्या स्टुलावर एक पाय मांडीवर घेऊन बसला होता. सुतारकाम त्याचं. जन्मभर रंधा मारला, पण कारखान्यात चप्पल घालायची म्हटलं की जिवावर यायचं. आज टाचेत लाकडाची कपची घुसली होती. दोन गल्ल्या सोडून राहणारी लेक समोर खुर्चीत पाय पसरून बसली होती आणि बापाची मजा बघत होती.

“आलीस? बघ जरा,” नवरा म्हणाला. “आतच मोडलीय. टेकवत नाही पाय.”

“चप्पल घालायला काय होतं हो तुम्हाला? टाच आहे की लाकडाचा ओंडका?” असं म्हणत टाचणीबाईंनी सुई उकळून आणली, चष्मा लावला आणि त्याची टाच हातात घेतली. ही टाच म्हणजे पायताणाचं चामडं, भेगा पडलेली, निबर. दिवसभर हातात घेतलेल्या त्या मऊ टाचांची आठवण होऊन त्यांना आणखीच भडभडून आलं. नवऱ्यानं पाय आखडून घेतला.

“हलू नका. झालं, झालं. झालं हं.”

“काय झालं?” नवरा ओरडला. “अजून सुई टेकली पण नाही आणि झालं काय झालं?”

लेक पोट धरून हसायला लागली. “बाबा, ती अशीच आहे. मला इंजेक्शन द्यायची तेव्हापण आधी झालं म्हणायची आणि मग टोचायची. झालं ऐकलं की मी रडायला सुरुवात करायचे.”

टाचणीबाईंचा हात सुईसकट तिथंच थांबला.

“काय म्हणालीस?”

“झालं ऐकलं की रडायचे.”

“त्याच्या आधी.”

“तू आधी झालं म्हणतेस. नेहमी. तुला माहीतच नाही?”

त्यांना खरोखर माहीत नव्हतं. आपली जीभ आपल्याला ऐकू येत नाही. त्या डोळे मिटून रक्त काढायच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे मनानं. टेबलावर बाळ आहे, दार बंद आहे, जवळ कुणी नाही. आपण काही बोलतो का? नाही. कुणाशी बोलणार? गुमान टोचतो, थेंब भरतात, शेवटी ठरल्याप्रमाणे एकदा मोठ्यानं झालं म्हणतो. आता मांडीवर बाळ आहे. आईचा चेहरा पांढरा पडलाय, ओठ थरथरतायत. आणि आपण, अजून उपकरण उघडलंही नाही तर, झालं झालं ताई, झालं हं. ते झालं बाळासाठी नव्हतंच. ते आईसाठी होतं. आणि कानकाका बसले होते तो शब्द ऐकायला.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “मांडीवरच्या बाळांचं आम्ही टोचायच्या आधीपासूनच मोजत होतो!”

“अगं, कपची!” नवरा कळवळला.

“थांबा हो जरा,” त्या म्हणाल्या आणि आनंदानं त्याची टाच अशी घट्ट दाबली की कपची निम्मी आपणहूनच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई यायच्या आधीच त्या दाराशी हजर होत्या. कानकाकांचे हेडफोन काढून घेऊन दोघींनी एक कान तू, एक कान मी, असं ऐकायला घेतलं. टाचणीबाईंचाच आवाज होता, “झालं झालं ताई, झालं हं.” मग शांतता. मग टक्. मग रडणं. दुसऱ्या नोंदीत धाकटी सिस्टर होती. तिचंही तेच. तिसरीत, चौथीत, सगळीकडे मांडी आली की झालं आधी आणि टक् नंतर. एका नोंदीत तर खुद्द डॉक्टरीणबाई मदतीला आल्या होत्या आणि कुठल्याशा आईला गोड आवाजात सांगत होत्या, “झालं बघ, झालंसुद्धा!” त्यानंतर टक्.

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. आधी त्या हसल्या आणि मग त्यांचा रंगच उडाला. “शब्द मीच निवडला होता. म्हटलं, सगळ्यांच्या तोंडात बसलेला शब्द आहे.”

“तोंडात बसलेला आहे म्हणून तर घात झाला,” टाचणीबाई म्हणाल्या.

कानकाका मात्र चिडले. “मला सांगितलं झालं ऐकलं की बटण दाबा. मी पहिल्या झालंला दाबलं. माझं काय चुकलं? आमच्या दप्तरातही झालं म्हणजे फाईल अजून उघडलेली नसते, पण तुम्ही डॉक्टर लोक, मला वाटलं तुमचं तरी खरं असेल!”

आता मोठ्या सरांकडे जायचं होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले. “म्हणजे निकाल आवडला नाही म्हणून आता पुन्हा ऐकायचं. तोही नाही आवडला तर?”

प्रश्न रास्त होता. डॉक्टरीणबाई बोलायला गेल्या, पण टाचणीबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. “सर, नियम तुम्ही ठरवा. ऐकायच्या आधी ठरवा. आम्ही कुणी यंत्राला हात लावत नाही.”

सरांनी विचार केला. “प्रत्येक नोंदीत कुठला आवाज आहे, जो माणसाच्या तोंडचा नाही?”

“टक्,” दोघी एकदम म्हणाल्या.

“मग टक्पासून मोजा. बाळ गप्प होईपर्यंत. टेबलाचंही तसंच आणि मांडीचंही तसंच. टक्ला कुणाची दया येत नाही.” मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “आणि तरीही टेबलच जिंकलं तर, सिस्टर?”

टाचणीबाईंच्या डोळ्यांसमोर लेक उभी राहिली, भिंतीला टेकलेली. त्या म्हणाल्या, “तर दार मीच लावीन. पण नाही जिंकणार ते.”

कानकाकांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्या बाळापासून ऐकायला घेतलं. सही पुढं ढकलली गेली. टाचणीबाई त्यांच्या खोलीवरून जाताना मान वळवायच्या नाहीत. त्यांच्याकडून काही कळलं तर आपल्याच मनाला घोर, म्हणून. इतक्या गप्प त्या कधी नव्हत्या. वॉर्डातल्या सिस्टरना वाटलं, बाई आजारी आहेत.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं नाही. त्या स्वतःच आलेख हातात घेऊन वॉर्डात धावत आल्या, केसांतलं पेन वाटेत पडलं ते तसंच राहिलं. मांडीवरची बाळं लवकर गप्प होत होती, आणि तीही बरीच लवकर. टाचणीबाईंनी आलेखावरून बोट फिरवलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “मी आधीच सांगितलं होतं.” एवढं म्हणायचा हक्क त्यांचा होता, तो कुणी हिरावून घेतला नाही.

सरांनी शब्द पाळला. सगळ्या सिस्टर बघत असताना ते त्या खोलीपाशी गेले आणि दार पुन्हा लावताच येऊ नये म्हणून त्याची वरची कडीच उखडून काढू लागले. ती इतक्या वर्षांत लाकडात इतकी बसली होती की निघता निघेना. सरांनी दोन्ही हात लावले, कोट वर गेला, कपाळावर घाम आला. शेवटी टाचणीबाईंनी खालून एक दणका दिला तेव्हा ती निघाली. “माझ्या हातानं म्हणालो होतो,” सर पुटपुटले. “अर्धं श्रेय घ्या तुम्ही.”

पण एक नवी पंचाईत झाली. काम पुढंही मोजलं जाणार होतं, तेव्हा नियम झाला की रक्त घेऊन संपल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. वॉर्डाची जीभच बांधली गेली. सिस्टर ‘झा’पर्यंत यायच्या आणि ‘जरा थांबा’ म्हणून सावरून घ्यायच्या. टाचणीबाईंची तर रोज फजिती व्हायची. त्यांच्या तोंडात शब्द आला की धाकटी सिस्टर मोठ्यानं खोकायची. आयांना वाटायचं, बिचारीला दमा आहे.

लेक बाळंत झाली. मुलगी झाली. टाच टोचायची वेळ आली तेव्हा टाचणीबाईंनी उपकरण धाकट्या सिस्टरपुढं केलं. “तू घे. माझा हात कापेल.” हे त्या मनापासून म्हणाल्या, आणि वॉर्डातल्या कुणाचाच कानावर विश्वास बसला नाही.

“आई, तूच,” लेक म्हणाली.

दार सताड उघडं होतं. लेक खुर्चीत बसली, नात तिच्या छातीशी. टाचणीबाईंनी ती टाच तळहातात घेतली. बोटाच्या पेरापेक्षा थोडीशीच मोठी आणि इतकी मऊ, की धरलीय की नाही तेच कळेना. त्यांनी ऊब दिली. लेकीनं तोंड भिंतीकडे वळवलं, डोळे गच्च मिटून घेतले. तिची मान ताठ झाली.

“आई, झालं का गं?”

शब्द दातांपर्यंत आला. धाकटी सिस्टर खोकणार होती, पण खोकलीच नाही. आणि टाचणीबाईंना एकदम ते दार आठवलं, किलकिलं झालेलं, आणि त्या सिस्टरचा चांगला, मायाळू आवाज. झालं हो, झालं. आतलं रडणं तर तेव्हा कुठं चढत होतं. आपल्याला तेव्हाच कळलं होतं, भिंतीला टेकून उभ्या असतानाच कळलं होतं, की ही खोटं बोलतेय. राग दाराचा नव्हताच मुळी. आणि तरी आपण जन्मभर तेच बोलत आलो, किती जणींशी, किती प्रेमानं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “अजून नाही झालं. आता टोचणार आहे. डोळे उघड आणि तिला घट्ट धर.”

लेकीनं डोळे उघडले. आईकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि तिला छातीशी आवळून धरलं.

टक्.

नातीनं टाहो फोडला. लेक तिच्यावर वाकली, तिच्या केसांत काहीबाही बोलत राहिली. पहिला थेंब पुसला, दुसरा आपणहून फुगला, एकेक गोल भरत गेला. टाचणीबाई एक अक्षरही बोलल्या नाहीत. रडणं हळूहळू बारीक झालं, मग नुसते हुंदके राहिले. शेवटचा गोल भरला, कापूस लावला, टाच कपड्यात गेली.

“झालं?” लेकीनं विचारलं.

“झालं,” टाचणीबाई म्हणाल्या, आणि लेकीची ताठ झालेली मान लगेच सैल पडली.